नाशिक: घरच्या इंटरनेटवर साधा फोन कसा जोडायचा? (जुना वाडा, जाड भिंती, आई वय ७८)

पंचवटीकर
मंडळी, मदत हवी आहे. थोडं पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

पंचवटीत आमचा जुना वाडा आहे. म्हणजे वाड्याचा एक तृतीयांश, बाकी वाटण्यांत गेला. आई तिथे एकटी असते. मी इंदिरानगरला, धाकटा भाऊ जर्मनीत. आईकडे पहिल्यापासून लँडलाइन. नंबर सहा आकडी होता, मग आधी २ लागला, तोच अजून चालू आहे. होता, म्हणायला हवं. गेल्या वर्षी गल्ली खोदली तेव्हा तार तुटली ती तुटलीच. तक्रारी करून थकलो. शेवटी त्याच कंपनीचं फायबर घेतलं, जुना नंबर त्यावर मिळाला. इथपर्यंत छान.

आता अडचण. फायबरचा डबा ओसरीत लागलाय, कारण जोडणाऱ्या पोराने पुढे तार न्यायला साफ नकार दिला. आई असते माजघरात. मधली भिंत दोन फुटांची, माती-विटांची. वायफाय त्या भिंतीशी हात टेकतं. मी वेगळा राउटर घेऊन ओसरी आणि माजघराच्या दारात ठेवलाय, तरी दोनच काड्या येतात.

दुसरं, भावाला आईशी रोज बोलायचं असतं. स्मार्टफोन आईला जमत नाही. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय, एक बाकी आहे, शिवाय बोटं थरथरतात. तिला हातात धरायचा, तारेचा, जड फोन पाहिजे. भावाने जर्मनीतून ॲपवरून फोन करावा आणि इथे साधा फोन वाजावा, असं होतं का? त्यासाठी डबी मिळते असं ऐकलंय. कुणी केलंय का?

उगाच
व्हॉट्सॲप.

पंचवटीकर
@उगाच, वरचं वाचलंत का?

उगाच
नाही. मोठं होतं.

सहावी_योजना
सिडकोत मी हे केलंय, दोन वर्षं झाली. डबीचं नाव एटीए. एका बाजूला इंटरनेटची लॅन केबल, दुसऱ्या बाजूला साधा फोन. मी ग्रँडस्ट्रीमचा एचटी८०१ घेतला, साडेतीन हजारांना पडला. एका फुकट सिप (इंटरनेटवरून फोन लावायची पद्धत) सेवेवर दोन खाती उघडायची. एक डबीत भरायचं, दुसरं भावाच्या मोबाइलवर लिनफोन किंवा झॉयपर ॲपमध्ये. इंटरनेट ते इंटरनेट बोलणं, म्हणून दर मिनिटाला पैसे नाहीत. फोन नंबरही लागत नाही.

दोन पोर्ट हवे असतील तर एचटी८०२ घ्या. घेताना एकच बघा: एफएक्सएस लिहिलेलं पाहिजे. एफएक्सएस म्हणजे जिथे आपण फोनचं यंत्र लावतो, डायलटोन तिथून येतो. एफएक्सओ उलटं, त्यात बाहेरून आलेली लाइन लावतात. माझ्या मेव्हण्याने मेन रोडवरून एफएक्सओवाला आणला आणि चार दिवस डायलटोनची वाट बघत बसला.

देवळालीची_दुपार
फायबरच्या डब्याच्या मागे फोनसाठी एक छोटं खाचेचं तोंड असतं बघा, इंटरनेटच्या तोंडापेक्षा अरुंद. तुमचा ०२५३ वाला नंबर तिथूनच वाजणार. म्हणजे तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी करायच्या आहेत: नंबरवाला फोन माजघरात न्यायचा, आणि भावासाठी दुसरा. एकात एक घालू नका, गोंधळ होईल. कंपन्या डब्यातल्या फोनचा सिपचा पासवर्ड सहसा देत नाहीत, त्यामुळे तो नंबर तुमच्या एटीएवर घ्यायची आशा सोडा.

मिसळ_नो_पाव
आधी सांगा, डबा बसवायला आलेल्या पोराने पिवळी तार खिळ्याला गुंडाळून ठेवली आहे का? आमच्याकडे ठेवली होती, वर त्याच खिळ्याला कॅलेंडर. तार फार वाकली की प्रकाश गळतो हो! डब्याच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाचा जोर, दिसते. आमची उणे सत्तावीसच्या आसपास रडत होती, कॅलेंडर काढून तार सैल केल्यावर उणे एकवीस. महिनाभर लाल दिवा लुकलुकत होता तो गेला.

पुण्याचा_पाहुणा
म्हणजे कालनिर्णयच वाईट होता.

मिसळ_नो_पाव
पुणेकरांनी दुपारी एक ते चार प्रतिसाद देऊ नयेत.

तारजोड्या
नमस्कार. मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो, चौतीस वर्षं, आता निवृत्त. या नवीन डबड्यांतलं मला कमी कळतं, पण तारेतलं कळतं.

पंचवटीकर, तुमच्या वाड्यात जुनी फोनची वायर ओसरीतून माजघरात गेलेली असणारच. आम्हीच टाकलेली असेल, तुळईच्या कडेने, खिळे मारून. वायफाय कशाला शोधताय? त्या वायरीचा उलटा उपयोग करा. पूर्वी एक्स्चेंजकडून आवाज यायचा, आता डब्याकडून येईल. माजघरातल्या फोनला काय कळतंय.

फक्त एक गोष्ट आधी करा, आणि ही विसरू नका. ओसरीत भिंतीवर रोझेट असेल, फोनच्या तारा जोडायची पांढरी चौकोनी डबी. ती उघडा. बाहेरून खांबावरची जोडी येते ती स्क्रूवरून सोडवा, दोन्ही टोकं वेगवेगळी टेप लावून बाजूला करा. जुनी लाइन मेली आहे असं समजून तशीच ठेवू नका. कुणी उद्या खांबावर जोडी बदलताना चुकून जिवंत केली तर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट तुमच्या नवीन डब्याच्या तोंडात. घंटी आली तर ७५ च्या आसपास, आणि तेही एसी. शिवाय वीज पडली तर त्या तारेतून घरात येते. मी दातांनी तार सोलायचो, तरुणपणी सगळेच करायचे. रविवार कारंजावर एकदा सोलताना नेमका त्या गिऱ्हाइकाला कुणाचा तरी फोन आला. आठवडाभर डावी दाढ झिणझिणत होती.

मग डब्याच्या फोनच्या तोंडातून छोटी वायर काढून त्याच रोझेटच्या स्क्रूवर लावा. झालं. वाड्यातल्या सगळ्या रोझेट चालू होतील.

आणि नीट बघा, आतली वायर दोन जोड्यांची आहे का. आम्ही पुष्कळ ठिकाणी चार तारांची टाकायचो, वापरायचो दोनच. असेल तर दुसऱ्या जोडीवर भावाचा फोन न्या. ती एटीए की काय ती डबीही ओसरीतच, फायबरच्या डब्याशेजारी ठेवा. फोनची तार शंभर मीटर गेली तरी तक्रार करत नाही.

पंचवटीकर
काका, दंडवत घ्या. आत्ताच आईकडे होतो, रोझेट उघडली. चार तारा आहेत! दोन गुंडाळून मागे कोंबलेल्या, चाळीस वर्षं कुणी हात लावला नसेल. आई म्हणाली, "तो लाइनमन चांगला होता, चहा घेऊन जायचा."

तारजोड्या
पंचवटीत सगळेच चहा देत. मी असेन किंवा नसेनही.

सहावी_योजना
हे डोक्यातच आलं नव्हतं. मी माझ्या बाबांच्या खोलीपर्यंत लॅन केबल नेताना पीओपी फोडलं. +१००.

द्राक्षबाग
वाचतोय. पिंपळगावला मळ्यात घर आणि पॅकिंग शेड यांच्यामध्ये असंच काही करायचंय. हंगामात शेडमध्ये मोबाइल कुणाच्या हातात नको वाटतो, आणि हाक मारून घसा बसतो. घरातल्या घरात इंटरकॉमसारखं होईल का?

पॅकेटपाटील
होईल. त्यासाठी बाहेरचं इंटरनेटही लागत नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर घरगुती एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर अ‍ॅस्टेरिस्क टाका, १०१ घर, १०२ शेड, १०३ गेट. अ‍ॅस्टेरिस्क १९९९ पासून आहे, मुक्त आहे, फुकट आहे. त्याचा सोपा चेहरा हवा तर फ्रीपीबीएक्स. मी अंबडमध्ये दोन कारखान्यांना असं लावून दिलंय. फक्त एक शपथ घ्या: राउटरवर ५०६० पोर्ट, म्हणजे सिपचं दार, जगाला उघडायचं नाही. उघडलंत की रात्रीत दूरदेशीची यंत्रं १०१, १०२ असे नंबर आणि सोपे पासवर्ड लावून बघायला लागतात. एका कारखान्यात १०१ चा पासवर्ड १०१ होता. पुढचं सांगत नाही, मालक हा धागा वाचत असेल.

देवळालीची_दुपार
पाटील, मग एक विचारते. आमच्याकडे वीज गेली की सगळंच गप्प. जुना फोन वीज गेल्यावरही चालायचा. सासूबाई अजून अंधार झाला की रिसीव्हर उचलून बघतात.

तारजोड्या
कारण वीज आमची होती. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची खोली असायची, माणूस आत गेला की नाक चुरचुरायचं. त्या ४८ व्होल्टवर घरचा फोन जगायचा. आता प्रत्येकाने आपापली बॅटरी सांभाळायची.

सहावी_योजना
बहुतेक फायबर डबे १२ व्होल्टवर चालतात, ॲडॉप्टरवर लिहिलेलं असतं ते बघा. त्यासाठी छोटा मिनी यूपीएस मिळतो, डबीएवढा. एचटी८०१ मात्र ५ व्होल्टचा, चार्जरसारखाच. मी शहाणपणा करून त्याला पॉवरबँक लावली. दोन त्रास निघाले. एक, वीज जाताना पॉवरबँक क्षणभर डोळे मिटते आणि डबी पुन्हा सुरू होते. दुसरं, डबी इतकी कमी वीज खाते की पॉवरबँकेला वाटतं मोबाइल भरला, आणि ती झोपते. शेवटी दोन्ही व्होल्टची तोंडं असलेला यूपीएस घेतला.

लंडनस्थ_भगूरकर
इथे हाच वाद जोरात आहे. इंग्लंडमधलं जुनं तांब्याच्या तारेवरचं टेलिफोन जाळं जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलंय. आधी मुदत डिसेंबर २०२५ होती. पुढे ढकलण्यामागे एक मोठं कारण म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यातली धोक्याची बटणं, ती त्या लाइनवर चालतात. त्यामुळे आईच्या हाताशी एखादा साधा बटनांचा मोबाइल असू द्याच. वीज, फायबर, डबा, डबी एवढ्या साखळीतली एक कडी तुटली तरी पुरे.

अवांतर: भगूरला दुपारी वीज गेली की आजी म्हणायची, आता फोन आला तर उचलू नका, फोनलाही विश्रांती पाहिजे.

पंचवटीकर
प्रगती सांगतो. एचटी८०१ आला. काकांच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या जोडीवर ०२५३ वाला फोन, माजघरात वाजला. आई डायलटोन ऐकून हसली. दुसऱ्या जोडीवर लाल रंगाचं जुनं यंत्र लावलं, भावासाठी. आई त्याला "जर्मनी" म्हणते. "जर्मनी पुसून ठेव" वगैरे.

पण दोन प्रश्न आलेत.

१. क्रीम रंगाच्या, म्हणजे ०२५३ वाल्या फोनवरून मोबाइल लागत नाही. लँडलाइन लागते.

२. जर्मनी. भावाने फोन केला की घंटी वाजते, आई उचलते. भावाला आई ऐकू येते, आईला भाऊ ऐकू येत नाही. आणि थोड्या वेळाने आपोआप कट. दर वेळी.

देवळालीची_दुपार
१ चं उत्तर सोपं: मोबाइल नंबराआधी शून्य. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला शून्य लावावंच लागतं. फायबरवरचा नंबरही लँडलाइनच. आईंच्या डायरीत लाल पेनने सगळ्या मोबाइल नंबरांआधी शून्य लिहून द्या. मी सासूबाईंना तसंच केलं. आता त्या मोबाइलवरूनही शून्य लावतात, पण लागतो, म्हणून मी गप्प.

उगाच
यापेक्षा व्हॉट्सॲप सोपं.

पॅकेटपाटील
२ बद्दल. "थोड्या वेळाने" म्हणजे किती? घड्याळ लावून सांगा. आणि आईंनी भावाला फोन केला तर काय होतं तेही बघा.

पंचवटीकर
भावाने घड्याळ लावलं. तीनदा. ३२ सेकंद, ३२, ३२. आईने केला तर कट होत नाही, पण ऐकू येत नाहीच.

पॅकेटपाटील
बत्तीस! सापडला.

जरा सविस्तर सांगतो, बाकीच्यांनाही उपयोगी पडेल. सिपमध्ये बोलणं ठरवणाऱ्या चिठ्ठ्या वेगळ्या आणि प्रत्यक्ष आवाज वेगळा. चिठ्ठ्या ५०६० पोर्टवरून जातात, आवाज भलत्याच पोर्टांवरून. भाऊ चिठ्ठी पाठवतो, "बोलायचंय." आई रिसीव्हर उचलते, डबी चिठ्ठी पाठवते, "उचलला, माझा पत्ता हा." त्यावर भावाकडून शेवटची पोच यायला हवी, "मिळालं." ती पोच येईपर्यंत डबी तीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा पाठवत राहते. किती वेळ? सिपच्या नियमावलीत लिहिलंय: अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट. झाले ३२ सेकंद. तेवढ्यात पोच नाही आली तर डबी समजते, पलीकडे कुणी नाही, आणि ठेवून देते.

म्हणजे पोच चुकीच्या पत्त्यावर जाते आहे. आवाजाचंही तेच. भावाचा आवाज आईच्या घराऐवजी कुठेतरी हवेत जातोय, कारण डबीने आपला घरातला पत्ता दिलाय, १९२.१६८ वाला. तो पत्ता वाड्याबाहेर कुणाला कळत नाही. जर्मनीहून टपाल पाठवताना पत्ता म्हणून "माजघर, डावीकडे" लिहिल्यासारखं. उलट्या दिशेला भावाचा पत्ता डबीला बरोबर मिळतो, म्हणून आईचा आवाज जातो. आईने फोन केला तर उचलणारा भाऊ, पोच द्यायची डबीने, ती नीट पोचते, म्हणून कट होत नाही. सगळं जुळतंय.

आता सांगा: एटीए फायबरच्या डब्याला लावलाय की तुमच्या नव्या राउटरला?

पंचवटीकर
नव्या राउटरला. डब्याची लॅनची तोंडं भरली होती, एक टीव्हीला, एक राउटरला.

पॅकेटपाटील
मग पत्ता दोनदा बदलतोय. एकदा राउटर बदलतो, एकदा डबा. त्यात दोघांपैकी एकात, बहुधा दोघांतही, सिप एएलजी नावाचा आगाऊ मदतनीस चालू असणार. तो वाटेत चिठ्ठ्या फोडून पत्ते "दुरुस्त" करतो आणि अर्धे बिघडवतो. क्रमाने करा.

पहिलं, राउटरची केबल वॅनच्या (बाहेरून इंटरनेट घ्यायच्या) तोंडातून काढून लॅनच्या तोंडात लावा, त्याचं डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणं) बंद करा. किंवा ॲक्सेस पॉइंट असा पर्याय असेल तर तो. मग तो फक्त वायफाय देईल, पत्ते वाटणार नाही.

दुसरं, फायबरच्या डब्यात सिप एएलजी बंद. हे प्रत्येक डब्यात वेगळ्या जागी लपवलेलं असतं, बऱ्याचदा सुरक्षेच्या किंवा ॲप्लिकेशनच्या पानात.

तिसरं, एटीएमध्ये स्टन (डबीला स्वतःचा बाहेरचा पत्ता कळवणारी सोय) चालू करा आणि कीप-अलाइव्ह, म्हणजे वाट उघडी ठेवायला अधूनमधून पाठवायची खूण, २० सेकंद ठेवा. डबे या चिठ्ठ्यांची (यूडीपी) वाट थोड्याच वेळात विसरतात, काही तर अर्ध्या मिनिटात. विसरले की फोन वाजतच नाही आणि लोक म्हणतात सकाळी चालतो, दुपारी नाही.

आणि डब्याचा बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होतो का बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर कंपनीकडेही अजून एक पडदा आहे. मग पोर्ट उघडायच्या भानगडीत पडूच नका, काही उपयोग नाही. वरचं केलंत तर तरीही सहसा चालतं.

सहावी_योजना
पाटील, हे दोन वर्षांपूर्वी कुठे होतात? मी त्या बत्तीस सेकंदांत डबी बदलून घेतली होती. दुकानदार अजून ओळख दाखवत नाही.

पुण्याचा_पाहुणा
एक अडाणी प्रश्न. यासाठी किती स्पीडचा प्लॅन लागतो? आमच्याकडे ३०० चा आहे तरी मीटिंगमध्ये आवाज तुटतो.

पॅकेटपाटील
एका बोलण्याला, सगळी वेष्टणं धरून, जाता-येता प्रत्येकी नव्वद केबीपीएसच्या आत. एमबीपीएस नाही, केबीपीएस. हे जी.७११ चं, म्हणजे जुन्या लँडलाइनच्या दर्जाचं. ३० चा प्लॅनही भरपूर झाला. आवाज तुटतो तो स्पीडमुळे नाही, पाकिटं मागे-पुढे पोचतात म्हणून. तुमच्याकडे सीसीटीव्ही क्लाउडवर चढतोय का? तो अपलोड तुंबवतो. राउटरमध्ये फोनला अग्रक्रम द्या.

जर्मनीसाठी एटीएमध्ये आवाज आकड्यांत भरायच्या पद्धतींपैकी पीसीएमए, म्हणजे ए-लॉ, वरच्या क्रमांकावर ठेवा. भारत आणि युरोप ए-लॉ वापरतात, अमेरिका म्यू-लॉ. आणि बँकेच्या "मराठीसाठी १ दाबा" ला १ दाबूनही काही होत नसेल तर डीटीएमएफ, म्हणजे बटणांचे सूर पाठवायची पद्धत, आरएफसी २८३३ वर करा. बटणाचा सूर आवाजात मिसळून पाठवला की कधीकधी पलीकडे त्याचं बेडकाचं डरांव होतं.

द्राक्षबाग
माझ्याकडे आजोबांचा काळा आयटीआयचा फोन आहे, गोल चकतीचा. तोही चालेल?

सहावी_योजना
एचटी८०१ वर चालतो, पल्स डायलिंग (चकतीच्या टकटकीने नंबर लावणं) चालू करावं लागतं. पण एक गंमत. चकती हळू फिरते, आणि दोन आकड्यांमध्ये चार सेकंद गेले की डबी समजते नंबर संपला, अर्धाच नंबर लावून टाकते. नो की एन्ट्री टाइमआउट नावाची जागा आहे, तिथे वाढवा. आमचे बाबा डायरीत नंबर बघून चष्मा काढून चष्मा घालून आकडा फिरवतात, त्यांच्यासाठी दहा ठेवलाय.

अशोकस्तंभ_सिग्नल
धागा छान चाललाय, पण एक सोपा मार्ग कुणी सांगितला नाही. सिम घालायची गेटवे डबी मिळते. ती घरी लावा, भारतीय अनलिमिटेड सिम घाला, भाऊ जर्मनीतून तिच्यावर येईल आणि तिथून अख्ख्या भारतात फुकट बोलेल. त्याचे मित्रही वापरू शकतील, चार पैसे...

कायदेकाकू
थांबा! हे करू नका, आणि इतरांनीही वाचून सोडून द्या. परदेशातून इंटरनेटवर आलेलं बोलणं घरच्या डबीतून सार्वजनिक फोन जाळ्यात सोडणं हे परवानाधारकाचं काम आहे. मित्रांना चार पैसे घेऊन दिलंत तर ते सरळसरळ बेकायदा एक्स्चेंज. दूरसंचार अधिनियम २०२३ मध्ये परवानगीशिवाय सेवा देण्याला किंवा जाळं उभारण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पोलीस ज्या "सिम बॉक्स" धाडी घालतात त्या याच डब्यांवर.

धागाकर्त्याचं वेगळं आहे. त्यांचं बोलणं इंटरनेटवर सुरू होतं आणि इंटरनेटवरच संपतं, फोनच्या जाळ्याला हात लावत नाही. ते यात येत नाही.

अशोकस्तंभ_सिग्नल
काकू, मी फक्त माहिती म्हणून लिहिलं. माझ्याकडे अशी डबी नाही. लिहून ठेवतो.

तारजोड्या
मला एसटीडी बूथचे दिवस आठवले. मुलगा अमेरिकेत असलेली माणसं सीबीएस बसस्टँडजवळच्या बूथवर रात्री रांग लावायची, रात्री दर कमी. काचेच्या खोलीत म्हातारे डोळे मीटरवर, कान रिसीव्हरवर. अर्धं बोलणं पैशांचंच, "ठेव आता, मीटर पळतंय." पुढे १ एप्रिल २००२ ला सरकारने इंटरनेटवरून बोलायला परवानगी दिली. आमच्या ऑफिसात काही जण म्हणाले, एप्रिल फूल आहे.

लंडनस्थ_भगूरकर
काका, त्या रांगेत माझे वडील असायचे.

पंचवटीकर
उशीर झाला, क्षमस्व. मध्ये आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेही नीट.

पाटील म्हणाले तसं केलं. राउटर नुसता वायफायवाला केला. सिप एएलजी शोधायला पाऊण तास गेला. "एएलजी" नावाच्या पानात एका ओळीत आठ चौकोन होते, त्यात सिप तिसरा. टिक काढली, डबा बंद-चालू केला. बाहेरचा पत्ता १०० नेच सुरू होतो, म्हणून पोर्टांच्या वाटेला गेलो नाही. स्टन लावलं, कीप-अलाइव्ह वीस.

भावाने फोन केला. आई म्हणाली, "ऐकू येतंय रे, खोकतोयस का?" मी घड्याळ बघत उभा. तीस, एकतीस, बत्तीस, तेहतीस. मी ओसरीत एकटाच टाळ्या वाजवल्या.

आणखी एक केलं. एटीएमध्ये ऑफहुक ऑटोडायल असतं, त्यात भावाचं खातं भरलं, चार सेकंदांची उसंत ठेवून. आता आईने लाल फोन नुसता उचलून धरला की जर्मनी लागते. एकही बटन नाही. फक्त साडेतीन तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेचार. ती पहाटे पाचला उठते आणि फोन पुसताना उचलते. भाऊ दोनदा मध्यरात्री उठून बसला.

पुण्याचा_पाहुणा
लाल फोन, उचलला की थेट परराष्ट्र. नाशिकचा क्रेमलिन.

सहावी_योजना
लिनफोन रात्री गप्प करा की.

पंचवटीकर
भाऊ नको म्हणतो. खरंच काही झालं तर?

पण त्याची दुसरीच तक्रार आहे. ते तीन आठवडे आईला कुणीतरी शेजारीण म्हणाली होती की फोन अर्ध्या मिनिटात आपोआप बंद होतो. त्यामुळे आईने सगळं बसवून घेतलं होतं. उचलला की एका दमात: "जेवलास का, थंडी आहे का, स्वेटर घाल, गुडघा बरा आहे, काळजी करू नकोस, ठेवते." ऐकू काही येत नसताना! भाऊ म्हणतो ते एकदम टापटीप बोलणं होतं. आता पाऊण तास चालतं, त्यात वाड्याच्या वाटणीचा विषय निघतोच. विचारतोय, ती टिक परत लावता येते का.

पॅकेटपाटील
येते. लावू नका.

उगाच
सगळं वाचलं. माझ्या आईलाही असंच हवंय. एचटी८०१ च ना? आणि आमच्याकडे रोझेट कुठे असेल?

तारजोड्या
दाराच्या चौकटीवर बघा, उजव्या हाताला, रंगाखाली दबलेली. पंचवटीकर, बाहेरची जोडी सोडवलीत का? दोनदा अपडेट दिलंत, ते काही लिहिलं नाहीत.

पंचवटीकर
सोडवली काका. एकाच टोकाला टेप आहे, दुसऱ्याला उद्या लावतो.

तारजोड्या
आज.